पाळी, कुकर आणि रात्रीचे जेवण : पिंपरी-चिंचवड ते चाकण

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या सनावळीतून सांगितला जातो आणि त्यात यंत्रे, उत्पादन, संप व करार यांना जागा मिळते. या कारखान्यांनी ज्या घरांचे दिवस आणि रात्री नव्याने आखल्या, त्या घरांतील रात्रीच्या जेवणाचा उल्लेख मात्र त्यात क्वचितच येतो. कामाच्या दिवशी संध्याकाळी चूल केव्हा पेटवायची, कोणी कोणासोबत जेवायचे, कोणासाठी काय झाकून ठेवायचे आणि थोड्या वेळात, थोड्या पैशांत अंगी लागेल असे काय रांधायचे, हे प्रश्न किरकोळ वाटतात. पण त्यांची उत्तरे जशी बदलत गेली तसे या पट्ट्यातील कुटुंबही बदलत गेले. कामावर असलेल्या कामगाराच्या जेवणाची दखल कायद्याने घेतली, कामगाराच्या कुटुंबाच्या जेवणाची घेतली नाही, आणि ती सगळी व्यवस्था घरातील स्त्रीच्या आखणीवर उभी राहिली.

कारखाने येण्यापूर्वी हा मुलूख हवेली, मावळ आणि खेड या तालुक्यांतील शेतकरी गावांचा होता. पवना आणि इंद्रायणीच्या वरच्या खोऱ्यांत भात पिके, पूर्वेकडे बाजरी आणि ज्वारी. त्यामुळे मावळातल्या ताटात भाताला आणि खेडकडच्या ताटात भाकरीला पहिला मान असे. रात्रीचे जेवण दिवेलागणीनंतर लवकर उरकले जाई, कारण दिव्याचे तेल आणि सरपण दोन्ही जपून वापरावे लागे. चुलीच्या मुख्य तोंडाशेजारी असलेला ‘वैल’, म्हणजे आतल्या जाळाची उरलेली धग मिळणारी दुसरी जागा, या काटकसरीचा आधार होता : पुढे भाकरी भाजली जाई, तोवर मागे कोरड्यास, म्हणजे भाकरीला लावून खाण्याचा पातळ पदार्थ, शिजत राही. रात्री चार भाकरी जास्त थापल्या की सकाळची न्याहारी शिळ्या भाकरीवर आणि दुधावर किंवा ठेच्यावर भागत असे. काय शिजवायचे हे ठरवण्याची फारशी वेळच येत नसे, कारण शेतात जे माळवे, म्हणजे भाजीपाला, असे तेच चुलीवर चढे आणि नसेल तेव्हा पिठले होई. घरातली सगळी माणसे एकाच वेळी शेतातून परतत, म्हणून जेवणाची वेळही एकच असे.

ही एकच वेळ कारखान्यांनी मोडली. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिन बनवणारा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरीच्या जमिनींवर कारखान्यांचे भूखंड पडले. त्याच दशकात आकुर्डीत बजाजच्या स्कूटरींचे उत्पादन सुरू झाले आणि टाटांच्या टेल्को या वाहनकंपनीचा प्रकल्प आला. १९७० साली चार गावांची नगरपालिका झाली, १९८२ साली तिची महानगरपालिका झाली, आणि २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १७ लाखांच्या वर गेली. सातारा, सांगली, सोलापूर, नगर, मराठवाडा, खानदेश आणि कोकणातून आलेल्या माणसांनी आपापली ताटेही सोबत आणली, आणि एकाच चाळीत शेंगदाण्याच्या महाद्याचा, काळ्या मसाल्याच्या आमटीचा आणि ओल्या खोबऱ्याच्या कालवणाचा शेजार जमला.

कारखान्यातील जेवणाला कायद्याची चौकट होती. १९४८च्या कारखाना अधिनियमाच्या ४६व्या कलमाने, जेथे अडीचशेहून अधिक कामगार असतात अशा कारखान्यात उपाहारगृह असावे असा नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला, आणि ५५व्या कलमाने सलग पाच तासांहून अधिक काम होण्याआधी निदान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. मोठ्या कारखान्यातील कामगाराचे ताट अशा रीतीने ‘कँटीन’ने सांभाळले, पण भोसरीच्या पन्नास-शंभर कामगारांच्या वर्कशॉपांना हे कलम लागू होत नव्हते, आणि तेथे घरच्या डब्यावाचून गत्यंतर नव्हते. याच कायद्याच्या ६६व्या कलमाने स्त्रियांच्या कारखान्यातील कामाला सकाळी सहा ते संध्याकाळी सात अशी मर्यादा घातली. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असाही झाला, की कारखान्यात काम करणारी स्त्री संध्याकाळी स्वयंपाकघरात हजर असणार हे समाजाने गृहीत धरले, आणि रात्रपाळीतील पुरुषाच्या वाट्याला अशी अपेक्षा कधी आली नाही.

पाळी म्हणजे चोवीस तासांची तीन तुकड्यांत केलेली वाटणी, आणि बहुतेक कारखान्यांत ती फिरती असे. एका आठवड्यात पहिली, पुढच्यात दुसरी, मग तिसरी. पहिल्या पाळीचा माणूस पहाटे घर सोडतो आणि दुपारी साडेतीन-चारला परततो, म्हणून त्या आठवड्यात सगळे घर रात्री एकत्र जेवते. दुसऱ्या पाळीचा माणूस दुपारी निघून मध्यरात्रीच्या सुमारास येतो. मुले शाळेतून येण्याआधीच तो गेलेला असतो, आणि त्याचे रात्रीचे जेवण कँटीनमध्ये किंवा डब्यातून होते. तिसऱ्या पाळीचा माणूस रात्री घरी जेवून निघतो, पण दिवसा झोपतो, त्यामुळे एका खोलीच्या घरात दुपारचा कुकरही त्याची झोप सांभाळून लावावा लागतो. शेतकरी घरात एक स्वयंपाक दोन वेळांना पुरत असे. पाळीच्या घरात एक जेवण दोन-तीन वेळांना वाढावे लागू लागले. १९७३ साली सुरू झालेले ‘कालनिर्णय’ भिंतीवर आले तेव्हा त्याच्या चौकोनांत एकादशी आणि चतुर्थीशेजारी पाळी, दुधाचा खाडा आणि गॅसच्या टाकीची तारीख लिहिली जाऊ लागली. या घरांपुरते बोलायचे तर आठवड्याच्या जेवणाची लेखी आखणी प्रथम या चौकोनांतच झाली, आणि तिचा आरंभ पाककृतीपासून नव्हे, तर घरात कोण केव्हा असेल यापासून होत असे.

या आखणीला साधनांची जोड मिळाली. भाड्याच्या खोलीत चूल मांडणे अवघड होते, धुराची तक्रार होई, आणि शिधापत्रिकेवरील रॉकेलचा स्टोव्ह हा पहिला पर्याय ठरला. गॅसची जोडणी बऱ्याच घरांत पुष्कळ उशिरा आली. १९५९च्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टीज यांचे प्रेशर कुकर भारतात बनू लागले होते, आणि पगारदार कामगाराच्या घराने बोनसमधून घेतलेल्या पहिल्या वस्तूंमध्ये कुकरला मोठे स्थान होते. एकावर एक ठेवलेल्या डब्यांत भात, वरणाची डाळ आणि बटाटे किंवा दुधी एकाच वाफेवर शिजत असल्याने स्टोव्हचा एकच जाळ तीन पदार्थांना पुरू लागला. वैलाने जे काम धगीच्या काटकसरीने केले, तेच कुकरने वाफेच्या दाबाने केले, आणि ते वीस मिनिटांत केले. ‘कुकर लावणे’ हा शब्दप्रयोग मराठीत रोजच्या स्वयंपाकाचा पर्याय बनला. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले. वाटी आणि चमचा यांच्या मापाने पाककृती सांगण्याची त्याची रीत, सासू किंवा आई जवळ नसलेल्या नव्या संसाराला फार मोलाची होती.

धान्यातही बदल झाला, आणि तो सगळाच हिताचा नव्हता. १९७२च्या दुष्काळाने मराठवाड्यातून आणि सोलापूरकडून अनेक कुटुंबे पुण्याच्या दिशेने आली. त्यांना सुकडी, म्हणजे दुष्काळी कामांवर वाटले जाणारे कोरडे पौष्टिक मिश्रण, आणि मिलो ही परदेशी तांबडी ज्वारी ठाऊक होती. शहरात शिधावाटप दुकानातून गहू मिळे. चपातीची कणीक रात्री मळून ठेवता येते, पहाटे पाचला भराभर लाटता येते आणि डब्यात मऊ राहते. भाकरीचे पीठ त्या त्या वेळी मळावे लागते आणि थंड झालेली भाकरी डब्यात कडक होते. डब्याच्या या सोयीने गव्हाला घरात आणले आणि मग तो रात्रीच्या ताटातही ठाण मांडून बसला. बाजरीतील लोह आणि ज्वारीतील तंतू यांना आहारातून असे बाहेर जावे लागले, याची खंत वाटावी, कारण ही धान्ये याच मातीची होती.

या घटीची भरपाई ज्या पदार्थाने बऱ्याच अंशी केली तो म्हणजे मोडाच्या कडधान्याची उसळ. सकाळी मटकी भिजत घालायची, रात्री पाणी निथळून फडक्यात बांधायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोडणीस टाकायची. जवळजवळ दीड दिवस आधी घेतलेला हा निर्णय प्रत्यक्ष चुलीपाशी मात्र पंधरा-वीस मिनिटेच मागतो. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्यांत मेथिओनिन कमी असते, म्हणून पोळी-उसळ किंवा वरण-भात यांच्या जोडीने प्रथिने पुरी पडतात. मोड आल्याने कडधान्यातील फायटेट, म्हणजे लोहाला जखडून ठेवणारे द्रव्य, कमी होते, आणि वर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्व ते लोह अंगी लागण्यास मदत करते. मुगाच्या डाळीची खिचडी, ताक आणि मेथीची भाजी हा दुसरा असा बेत. दुसऱ्या पाळीवरून मध्यरात्री परतणाऱ्या माणसाला पचायला हलके काहीतरी ठेवण्याची रीतही शहाणपणाची होती, कारण रात्री उशिरा केलेल्या जड जेवणाने रक्तातील साखर दिवसाच्या तुलनेत अधिक वाढते, असे आता वैद्यकशास्त्रही सांगते.

या पट्ट्याचा आठवडा सोमवारी सुरू होत नाही. वीजपुरवठ्याचा भार विभागण्यासाठी पुणे परिसरातील उद्योगांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी ठेवली गेली, आणि अनेक कारखान्यांत ती आजही तशीच आहे. मुलांची शाळा रविवारी बंद, वडिलांचा कारखाना गुरुवारी. म्हणून सगळे कुटुंब मोकळे असा दिवसच अनेक घरांत उरला नाही, आणि रात्रीचे जेवण हीच भेटीची जागा राहिली. गुरुवार दत्ताचा वार, मार्गशीर्षात महालक्ष्मीच्या व्रताचा वार. म्हणून कित्येक घरांत त्या दिवशी मटण-मासळी वर्ज्य असते, आणि सुट्टीच्या आदल्या, बुधवारच्या रात्रीला मटणाच्या रश्श्याचा मान मिळाला. गुरुवारी बाजार आणि पुढच्या आठवड्याची तयारी होऊ लागली : शेंगदाण्याचे कूट, सुक्या खोबऱ्याचे वाटण, लसणाची चटणी, निवडून ठेवलेली मेथी. पिंपरीच्या मंडईत जुन्नर-आंबेगावचा भाजीपाला येई, नारायणगावचे टोमॅटो येत, सातगाव पठाराचे बटाटे येत. मावळातून १९८७ साली वडगावच्या संशोधन केंद्राने प्रसारित केलेला इंद्रायणी तांदूळ येऊ लागला, ज्याचा मऊ, सुवासिक भात वरणाशी चांगला जमतो.

फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वसलेल्या सिंधी कुटुंबांचा वाटाही येथे नोंदवला पाहिजे. पालक, चुका, हरभऱ्याची डाळ आणि हाताशी असतील त्या भाज्या एकत्र शिजवून घोटलेली त्यांची साई भाजी हे एका भांड्यातील पूर्ण जेवण आहे. मराठी डाळ-पालकाशी तिचे नाते सहज लक्षात येते. दुसरी नोंद स्त्रियांच्या कमाईची : १९७०च्या दशकात टेल्कोच्या कामगारांच्या घरांतील स्त्रियांसाठी उभ्या राहिलेल्या गृहिणी संस्थेने खाद्यपदार्थांपासून वाहनांच्या वायरजोडणीपर्यंत कामे दिली, आणि स्वयंपाक हे मोबदला मिळवून देणारे कौशल्य आहे हे या पट्ट्यात प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य झाले.

चाकणची गोष्ट वेगळी आहे. संग्रामदुर्ग किल्ल्याचे हे गाव कांदा-बटाट्याच्या आणि जनावरांच्या बाजाराचे. १९९०च्या दशकात येथे औद्योगिक क्षेत्र आले, १९९९ साली बजाजचा कारखाना, २००९ साली फोक्सवॅगनचा. पिंपरीत कायम नोकरीच्या आधाराने कुटुंबे वसली. चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी येथील खोल्यांत प्रामुख्याने कंत्राटी तरुण राहतात. चौघे एका खोलीत, चौघांच्या पाळ्या वेगळ्या, एक शेगडी आणि एक कुकर. जेथे आखणी करणारे कोणी नाही तेथे रात्र वडापाव, अंडाभुर्जी आणि मैद्याच्या नूडल्सवर निभावते. या पोकळीत खानावळ आली. मुंबईच्या गिरणी कामगारांना महिनेवारीने जेवू घालणाऱ्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि सावकाराच्या फासातून सोडवले. चाकणच्या खानावळींचे रूप तेच आहे, संघटनेचे बळ मात्र त्यांच्यामागे तेवढे नाही.

राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात असे तिचे माप ठरवले आणि वाटपाची वेळ दुपारची ठेवली. शाळेतील पोषण आहार दुपारचा, हे ताटही दुपारचे. रात्रीचे ताट मात्र या योजनांबाहेरच राहिले. संध्याकाळी सहानंतर भोसरी, मोशी आणि चाकणच्या रस्त्यांवर जी पोळी-भाजी केंद्रे गजबजतात ती चालवणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात. तेथे चपातीशेजारी आता ज्वारीची आणि बाजरीची भाकरी नगावर विकली जाते, मटकीची उसळ वाटीवर मिळते, आणि दोन पगारांवर चालणारे घर आपला कुकर एका भातापुरता लावते. नऊ-साडेनऊला शेवटची पोळी विकली गेल्यावर त्या स्त्रिया परात धुतात, उरलेली कणीक पिशवीत घेतात आणि आपल्या घरची शेगडी पेटवायला जातात.