रात्रीपुरता नांगर

मागच्या दिवाळीत भाच्याचा फोन आला. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून मुंबईहून गोव्याला शिडाच्या बोटीने जाणार होते. अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. दिवसा बोट हाकायची, रात्री कुठेतरी नांगर टाकून झोपायचं, असे आठ-नऊ दिवस. "मामा, तू ते जुने गॅझेटियर वाचत बसतोस ना, मग सांग, रात्री कुठे कुठे थांबायचं?"

आता मी पडलो नागपूरचा माणूस. आमच्याकडे पाणी म्हणजे अंबाझरी आणि फुटाळा. ताई (म्हणजे त्याची आई) लगेच म्हणाली, "याला काय विचारून राहिला तू? यानं आयुष्यात समुद्र पाहिला तो चौपाटीवरून!" खरं आहे. पण नागपूरकरांचा समुद्राशी काहीच संबंध नाही असं मात्र कोणी समजू नये. १७५१ साली अलीवर्दीखानाशी तह झाला आणि ओरिसा नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८०३ च्या देवगावच्या तहात कटक आणि बालासोर इंग्रजांना देईपर्यंत, म्हणजे पन्नासएक वर्षं, आपल्या नागपूरला चांगला लांबलचक किनारा होता! बालासोरसमोर उघड्या समुद्रात इंग्रजांची जहाजं नांगर टाकून हुगळीत नेणाऱ्या वाटाड्याची वाट बघत उभी राहायची. भोसल्यांनी मात्र कधी आरमार उभारलं नाही. असो, तो वेगळा विषय आहे.

तर भाच्यासाठी म्हणून वाचायला बसलो आणि त्यातच अडकलो. बोट चालवण्यापेक्षा रात्री ती कुठे उभी करायची हा प्रश्न जास्त जुना आणि जास्त अवघड आहे, असं माझं मत झालं.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते, आठवतंय? आम्हाला पाच मार्कांना यायचे. कोकणातल्या तांडेलाचं मात्र सगळं वेळापत्रकच त्यावर चालायचं. पावसाळा संपला की दुपारी समुद्रावरून, बहुतेक वायव्येकडून वारा येतो. संध्याकाळी तो पडतो. मग मध्यरात्रीनंतर जमीन गार झाली की उलटा, जमिनीवरून समुद्राकडे वारा सुटतो, तोच मतलई. पहाटेच्या मतलईवर शीड उभारून बाहेर पडायचं, मधल्या पडलेल्या वाऱ्यात जेवणखाण उरकायचं आणि दुपारचा वारा धरून दिवेलागणीच्या आत पुढच्या खाडीत शिरायचं. दक्षिणेकडे जाताना हे बरं जमतं. उत्तरेकडे येताना तोच वायव्येचा वारा तोंडावर येतो आणि मुंबई संपता संपत नाही.

खाडीत शिरायचं म्हणणं सोपं आहे. कोकणातल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा बांध साचलेला असतो. भरतीला त्यावरून पाणी असतं, ओहोटीला बोट घासते. त्यामुळे वारा कधी आणि भरती कधी, दोन्ही जुळावं लागतं. मुंबईकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटर, खाली मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. संध्याकाळी तीन मीटर पाणी पाहून नांगर टाकला आणि पहाटे उठलो तर बोट चिखलात कलंडलेली, असं व्हायला वेळ लागत नाही. भांगाच्या दिवसांत हा फरक कमी असतो, म्हणून नवख्यांनी अष्टमीच्या आसपास निघावं, असा माझा (नागपुरात बसून दिलेला) सल्ला होता.

मग तळ. चिखल आणि वाळू नांगर धरून ठेवतात. खडक एकतर धरतच नाही, किंवा असा धरतो की सोडत नाही. जुने इंग्रज दर्यावर्दी खोली मोजायच्या शिशाच्या वजनाला खालून खोबण ठेवून त्यात चरबी भरत. वर ओढलं की चरबीला काय चिकटलंय ते बघून तळ कळायचा. आपल्याकडे दगडाचे नांगर होते. विजयदुर्गाजवळच्या समुद्रात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांना भोकं पाडलेले असे दगडी नांगर सापडले आहेत. अरबांच्या जहाजांवर असत तशा घडणीचे. म्हणजे किल्ल्याच्या आडोशाला रात्र काढणारे फक्त आपलेच नव्हते.

पण मला सगळ्यात गंमत वाटली ती आडोशाची. आपण समजतो की चांगलं बंदर म्हणजे चांगलं बंदर. तसं नाही! रत्नागिरीत किल्ल्याचा डोंगर समुद्रात शिरलाय. त्याच्या उत्तरेला पांढरा समुद्र, दक्षिणेला काळा समुद्र. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, म्हणजे आडोसा उत्तरेच्या अंगाला. थंडीत वारा वायव्येचा, तेव्हा उलट. एकच डोंगर, पण जूनमधली सुरक्षित जागा जानेवारीत नको.

हे ज्ञान फार जुनं आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये आपला चौल सापडतो, 'सेमुल्ला' म्हणून. त्यातच भडोचची हकीकत आहे. तिथल्या राजाच्या नोकरीतले कोळी मोठ्या नावा घेऊन खाडीच्या तोंडाशी आणि पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जात, परदेशी जहाजांना गाठत आणि वाळूच्या पट्ट्यांतून आत आणत. भरतीवर पुढे ओढायचं, ओहोटी लागली की ठरलेल्या डोहात नांगर टाकून थांबायचं, पुन्हा भरती आली की पुढे. ते डोह त्या कोळ्यांनाच ठाऊक. दोन हजार वर्षांपूर्वी राजा त्यासाठी माणसं पगारावर ठेवत होता.

शिवाजी महाराजांच्या काळात हेच ज्ञान लढाईत उतरलं. १६७९ साली मराठ्यांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं आणून बेटाची नाकेबंदी केली. पण रात्री मराठ्यांच्या लहान होड्या सामान घेऊन बेटावर जातच राहिल्या. पाठलाग झाला तर त्या उथळ खाडीत शिरायच्या. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना पाणी पुरायचं नाही, ती बाहेरच तळमळत राहायची. ज्या वाळूच्या बांधाला आपण नावं ठेवतो, त्याने तिथे राखण केली.

आता विजयदुर्ग. भाच्याच्या यादीत मी त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. १८८० च्या मुंबई गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड सांगतो की पश्चिम किनाऱ्यावरच्या उत्तम बंदरांपैकी हे एक, तोंडाशी वाळूचा बांध नाही आणि कुठल्याही हवेत आत शिरता येतं. वाघोटण नदीच्या मुखाशी दक्षिणेच्या टोकावर किल्ला, त्याच्या पूर्वेला शांत पाणी. थोडं आत गिर्ये गावाजवळ खडकात खोदलेली आंग्र्यांची गोदी. खाडी पार खारेपाटणपर्यंत आत जाते. याहून चांगली जागा कोणाला मिळणार?

आणि त्याच जागी १२ फेब्रुवारी १७५६ ला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. समुद्रावरून वॉटसनची जहाजं आणि क्लाइव्हची फौज, जमिनीवरून नानासाहेब पेशव्यांचं सैन्य. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं किल्ल्याच्या आडोशाला, एकमेकांना बांधून उभी होती. एक पेटता गोळा 'रेस्टोरेशन' नावाच्या जहाजात पडला (हे आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच जिंकलेलं जहाज!). ते पेटलं, शेजारचं पेटलं, आणि बघता बघता सगळं आरमार गेलं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

हे वाचताना मला रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आठवलं. १७१५ च्या सुमाराचं. झाडं तोडण्याबद्दलचा त्यातला भाग सगळ्यांना माहीत असतो, पण आरमाराचं प्रकरण फार कमी लोक वाचतात. पावसाळ्यात आरमार छावणीला कुठे ठेवावं, हे त्यात इतक्या बारकाईने सांगितलंय की लिहिणारा गगनबावड्याच्या डोंगरावरचा जहागीरदार आहे हे खरं वाटत नाही. दर वर्षी बंदर बदलावं, म्हणजे एकाच गावच्या रयतेला जाच होत नाही. किल्ल्याचा आधार असावा. आणि तरीही सगळं आरमार एके ठिकाणी ठेवू नये, जागजागी विभागून ठेवावं, रात्री पाण्यावरून आणि जमिनीवरून गस्त घालावी. चाळीस वर्षं आधी लिहून ठेवलेलं!

मी ताईला हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. म्हटलं, तुळाजीने अमात्यांचं ऐकलं असतं, निम्मी गलबतं खाडीत वर नेऊन ठेवली असती, तर इतकं नुकसान झालं नसतं. अमात्य पावसाळ्याचं बोलत होते आणि हा फेब्रुवारी होता, हे मान्य. तरी नियम तोच.

ताई इतिहासाची नाही, पण तिचं डोकं चालतं. ती म्हणाली, "अरे, पण खाडीच्या काठावर पेशव्यांची फौज होती म्हणतोस ना? मग वर नेऊन काय करणार होता तो?"

मी गप्प झालो. बाहेर वॉटसन, आत पेशवे. मोठी जहाजं बाहेर काढणं शक्य नव्हतं, लहान गलबतं वर न्यावीत तर काठ आपला नव्हता. किल्ल्याखाली एकत्र बांधून ठेवणं हा तुळाजीचा आळस नसेलही. बंदर उत्तमच होतं, पण ते उत्तम होतं काठावरची माणसं आपली असेपर्यंत. नकाशात आणि गॅझेटियरात हे लिहिलेलं नसतं, म्हणून मी ते धरलंच नव्हतं. पुढे विजयदुर्ग पेशव्यांकडे गेला आणि इंग्रजांच्या पदरात बाणकोट पडलं, सावित्रीच्या तोंडाशी. टोपीकरांना खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये, द्यायचीच तर आत, समुद्रापासून दूर द्यावी, हेही अमात्यांनी सांगून ठेवलं होतं. त्याबद्दल मात्र पेशव्यांच्या बाजूने काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही. कोणाला सुचलं तर जरूर लिहा.

भाच्याला मी यादीत एक ओळ वाढवून पाठवली. प्रत्येक मुक्कामाच्या आधी बंदरावर फोन करून कोळ्यांना विचारायचं, जाळी कुठे लावलीत, आणि सागरी पोलिसांना बोट येतेय हे कळवायचं. २००८ नंतर रात्री अनोळखी बोट खाडीत दिसली की चौकशी होते, आणि व्हायलाच पाहिजे.

जानेवारीत ते गेले. रेवदंडा, दिघी, हर्णै, जयगड असं करत विजयदुर्गला पोचले. संध्याकाळी मासेमारीच्या होडीतून एक म्हातारबुवा जवळ आले आणि म्हणाले, इथे नको, थोडं पुढे टाका, इथे रात्री आमच्या होड्या येतात. त्यांनी नांगर उचलला आणि दाखवलेल्या जागी टाकला. "मामा, पहाटे तीनला जाग आली," तो फोनवर सांगत होता. "बोट नांगरावर आपोआप फिरली होती. झोपलो तेव्हा तोंड समुद्राकडे होतं, उठलो तर गावाकडे. मतलई!"

ताईने माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, जेवलास का.