झाडांच्या जटा आणि नावांचा गुंता

कॅनडा, अलास्का, स्कँडिनेव्हिया आणि रशियाच्या उत्तर भागातील सूचिपर्णी अरण्यांत स्प्रूस व फर वृक्षांच्या फांद्यांवरून काळ्या, तपकिरी आणि फिकट हिरव्या जटा लोंबताना दिसतात. प्रथमदर्शनी ते वाळलेले शेवाळ किंवा एखादी परोपजीवी वेल वाटते. प्रत्यक्षात ही शैवाके आहेत. मराठी घरांत गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हेही शैवाकच. मात्र दगडफूल पानासारखे पसरट असते, तर उत्तरेकडील ही शैवाके केसांसारखी बारीक व लांब वाढतात. कॅरिबू आणि रेनडिअर यांचे हिवाळ्यातील अन्न म्हणून त्यांचे महत्त्व मोठे आहे. काही आदिवासी समाजांच्या आहारातही त्यांना स्थान होते. यातील एक जट खाण्याजोगी आणि शेजारच्या झाडावरील दुसरी विषारी असू शकते. त्यामुळे त्यांची ओळख पटविणे हा केवळ अभ्यासकांच्या हौसेचा विषय राहत नाही.

शैवाक ही एकच वनस्पती नसून कवक आणि शैवल यांचे सहजीवन आहे, हा सिद्धांत स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडला. कवक आधार व संरक्षण पुरविते, शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. शैवाकाला दिले जाणारे शास्त्रीय नाव यातील कवकाचे असते. ही बाब पुढील सारा गोंधळ समजण्यासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

केसांसारख्या शैवाकांत तीन प्रजाती प्रमुख आहेत : अस्निया, अ‍ॅलेक्टोरिया आणि ब्रायोरिया. त्यांची प्राथमिक ओळख पटविण्यास प्रयोगशाळा लागत नाही. अस्निया फिकट हिरवी असते. तिची ओलसर फांदी दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढली की वरची साल ठिकठिकाणी तुटते आणि आतला पांढरा, रबरासारखा ताणला जाणारा दोरा उघडा पडतो. असा मध्यवर्ती दोरा अ‍ॅलेक्टोरियात नसतो. ओढल्यावर ती सरळ तुटते. तिचा रंगही हिरवट पिवळा असल्याने दुरून या दोहोंत गफलत होते, पण भिंगातून पाहिल्यास अ‍ॅलेक्टोरियाच्या फांद्यांवर किंचित उठावाचे पांढरे ठिपके दिसतात. सालीतील या फटी हवा आत-बाहेर जाण्याचा मार्ग मानल्या जातात. ब्रायोरिया मात्र तपकिरी ते काळी असते, घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखी. पहिल्या दोहोंचा हिरवट पिवळेपणा अस्निक आम्लामुळे येतो. ब्रायोरियाच्या जटांत हे आम्ल नसून सालीत गडद रंजकद्रव्ये असतात आणि ती प्रखर प्रकाशापासून आतील शैवलाचे रक्षण करतात. साहजिकच ब्रायोरिया झाडाच्या वरच्या, उघड्या फांद्यांवर अधिक आढळते, तर अ‍ॅलेक्टोरिया खालच्या, दमट सावलीत.

हा भेद सामान्य माणसांनी फार पूर्वीच केला होता, हे विशेष. फिनलंडमध्ये काळपट जटांना ‘लुप्पो’ आणि हिरवट जटांना ‘नावा’ म्हणतात. स्वीडिश भाषेत अस्नियाचे नाव दाढीवरून, अ‍ॅलेक्टोरियाचे सुतावरून, तर ब्रायोरियाचे घोड्याच्या केसांवरून पडले आहे. याउलट १७५३ मध्ये कार्ल लिनियस यांनी बहुतेक सर्व शैवाके ‘लायकेन’ या एकाच प्रजातीत कोंबली. त्यांचेच शिष्य एरिक अ‍ॅकेरियस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी हा ढीग उपसून अनेक प्रजाती वेगळ्या केल्या आणि त्यांत अ‍ॅलेक्टोरियाही होती. तरी काळपट जटा दीर्घकाळ अ‍ॅलेक्टोरियातच गणल्या जात होत्या. अखेर १९७७ मध्ये कॅनडाचे अर्विन ब्रोडो आणि ब्रिटनचे डेव्हिड हॉक्सवर्थ यांनी उत्तर अमेरिकेतील या गटाचा सविस्तर आढावा घेऊन ब्रायोरिया ही स्वतंत्र प्रजाती मांडली. त्यांचा आधार केवळ रंगाचा नव्हता. अ‍ॅलेक्टोरियाचे बीजाणू मोठे, तपकिरी आणि एका पिशवीत मोजकेच असतात. ब्रायोरियाचे लहान, रंगहीन आणि सहसा आठ असतात. लोकभाषेने जे डोळ्यांनी ओळखले होते त्यावर विज्ञानाने सूक्ष्मदर्शकातून शिक्कामोर्तब केले, असे म्हणावयास हरकत नाही. याच ब्रोडो यांनी पुढे १९९५ मध्ये राल्फ कॉमन यांच्यासह लालसर तपकिरी छटेच्या काही जाती ‘नोडोब्रायोरिया’ या नावाने आणखी वेगळ्या काढल्या.

प्रजाती ओळखणे सोपे, परंतु ब्रायोरियातील जाती ओळखणे हे जाणकारांचीही परीक्षा पाहणारे काम आहे. बहुतेक जाती काळपट, बहुतेक लोंबत्या आणि एकाच जातीची रूपे उजेड व ओलावा यांनुसार बदलणारी. येथे रसायनशास्त्र मदतीस येते. फिनलंडचे विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये शैवाकावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा विरंजक द्रावणाचा थेंब टाकून रंगबदल पाहण्याची रीत सुरू केली. पुढे जपानचे यासुहिको असाहिना यांनी त्यात आणखी एका द्रव्याची भर घातली. या चाचण्यांनुसार ब्रायोरिया फस्केसेन्स या जातीचे भुकटीसारखे ठिपके असाहिनांच्या द्रव्याने लाल होतात, तर फिकट करड्या ब्रायोरिया कॅपिलारिसवर पोटॅशियम हायड्रॉक्साइड पिवळा रंग आणते. अनेक दशके हा थेंब अंतिम निवाडा मानला गेला.

या निवाड्याची खरी कसोटी लागली ती वायव्य अमेरिकेत. ब्रिटिश कोलंबियाच्या अंतर्भागातील सेक्वेपेम आणि अन्य आदिवासी समाज ब्रायोरिया फ्रेमाँटी ही लांब, गडद तपकिरी जट खात असत. सेक्वेपेम भाषेत तिला ‘विला’ म्हणतात. झाडावरून काठीने ओढून काढलेली विला निवडून, भिजवून, धुऊन जमिनीतील खड्ड्यात तापलेल्या दगडांवर रात्रभर शिजविली जाई. सकाळी तिची काळी, घट्ट वडी तयार होत असे. रानकांदे घालूनही ती शिजवीत. ओकानागन लोकांच्या कथेत ही जट म्हणजे झाडात अडकलेले कोल्हेबुवांचे केस होत. वनस्पती आणि आदिवासी आहार यांच्या अभ्यासक नॅन्सी टर्नर यांनी १९७७ मध्येच या खाद्यपरंपरेची तपशीलवार नोंद प्रसिद्ध केली.

विला गोळा करणारे मात्र प्रत्येक झाडाची जट घेत नसत. पिवळसर, कडवट जट ते टाळीत. त्या जटेला शास्त्रज्ञांनी ब्रायोरिया टॉर्ट्युओसा असे वेगळे नाव दिले होते. जी. के. मेरिल यांनी १९०९ मध्ये तिचे वर्णन केले. तिच्यात व्हल्पिनिक आम्ल असते. ‘व्हल्पिनिक’ हा शब्द कोल्ह्याच्या लॅटिन नावावरून आला आहे, कारण हेच आम्ल असलेले दुसरे एक पिवळे शैवाक स्कँडिनेव्हियात लांडगे व कोल्हे मारण्यासाठी आमिषात मिसळीत. एक खाद्य, एक विषारी, रंग वेगळा, रसायन वेगळे. दोन जाती मानण्यास याहून अधिक पुरावा कोणता हवा? संशयाला एक जागा तेवढी होती. खाद्य विलेच्या क्वचित दिसणाऱ्या फळांवर आणि भुकटीच्या ठिपक्यांवरही तेच पिवळे आम्ल आढळत असे.

फिनलंडच्या सारा वेल्माला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दोहोंच्या कवकाची जनुके तपासली आणि ती एकाच जातीची असल्याचे दाखविले. आतील शैवलातही दोहोंना वेगळे करणारा फरक सापडला नाही. मग विष येते कोठून? ब्रिटिश कोलंबियातील शैवाकतज्ज्ञ ट्रेव्हर गोवर्ड हा प्रश्न सातत्याने विचारीत होते. टोबी स्प्रिबिल यांनी तो मनावर घेतला. त्यांच्या गटाचा २०१६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेला शोध खळबळजनक ठरला. शैवाकाच्या सालीत तिसरा भिडू, एका वेगळ्याच कुळातील यीस्ट, दडलेला होता आणि पिवळ्या जटेत त्याचे प्रमाण अधिक होते. आम्ल हे यीस्टच तयार करते असे मात्र त्यातून सिद्ध झाले नाही. ‘प्रत्येक शैवाकात तीन भागीदार’ असा जो गाजावाजा वृत्तपत्रांतून झाला, तोही घाईचाच होता. २०१९ मध्ये जेम्स लेंडेमर आणि सहकाऱ्यांनी ३३९ जातींच्या पाहणीत असे यीस्ट सर्वत्र नसल्याचे दाखवून दिले.

त्याच वर्षी युरोपीय अभ्यासकांनी फस्केसेन्सच्या आसपासच्या जातींची जनुकीय तपासणी करून, थेंबाच्या चाचणीवर वेगळ्या ठरविलेल्या अनेक जाती प्रत्यक्षात एकच असल्याचा निष्कर्ष काढला. या विलीनीकरणावर सर्वांचे एकमत झालेले नाही. तरीही रसायन म्हणजे जात, हे समीकरण या गटात तरी ढासळले आहे. खाणाऱ्याच्या दृष्टीने मात्र नाव एक झाल्याने विष नाहीसे होत नाही. पिवळी जट टाळावी, हा जुना निकष आजही तितकाच खरा आहे.

कॅरिबूंच्या संदर्भात जातीपेक्षा प्रजातीचा भेद अधिक कामाचा ठरतो. ब्रिटिश कोलंबियाच्या पर्वतांतील कॅरिबू हिवाळ्यात जवळजवळ याच जटांवर जगतात आणि अ‍ॅलेक्टोरियापेक्षा ब्रायोरिया पसंत करतात. म्हणूनच त्या भागातील वनांची पाहणी करताना एकूण जटा किती, यापेक्षा त्यांत काळ्या किती, हे नोंदवावे लागते. उंचावरील जंगलांत ब्रायोरियाच्या जटा खोडाच्या एका ठरावीक उंचीच्या खाली आढळत नाहीत. गोवर्ड यांच्या मते, दीर्घकाळ ओले राहणे त्यांना सोसत नसल्याने बर्फाच्या थराखाली त्या टिकत नाहीत. कॅरिबू त्याच दोन-तीन मीटर उंचीच्या बर्फावर उभे राहून त्यांच्यापर्यंत पोहोचतात. बर्फ कमी पडले तर अन्न डोक्यावर राहते, तोंडाशी येत नाही. शिवाय विपुल जटा जुन्या वृक्षांवरच साठतात. तोडीनंतर लावलेल्या तरुण झाडांवर त्या नगण्य असतात. तोडलेल्या जागी मूस व हरणे वाढतात, त्यांच्यामागे लांडगे येतात आणि कॅरिबूही त्यांच्या तावडीत सापडतात. अमेरिका-कॅनडा सीमेवरील साउथ सेलकर्क कळपात २०१८ मध्ये केवळ तीन माद्या उरल्या होत्या. त्यांतील अखेरची मादी जानेवारी २०१९ मध्ये पकडून उत्तरेस, रेव्हलस्टोकजवळील बंदिस्त आवारात हलविण्यात आली आणि अलास्का वगळता अमेरिकेच्या भूमीवरील रानटी कॅरिबूंचा वावर संपला.