पुदिन्याची काडी आणि आपली खिडकी



हल्ली कोणाकडेही गेले की बैठकीच्या खोलीत ‘हवा शुद्ध करणारी’ झाडे दिसतात. नर्सरीवाले तर सांगतातच, “नासाने सिद्ध केलंय!” मी जन्मभर इतिहास शिकवला. त्यामुळे कोणी, केव्हा आणि कसे सिद्ध केले, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

ही गोष्ट सुरू होते इंग्लंडात, ऑगस्ट १७७१ मध्ये. जोसेफ प्रीस्टले या धर्मोपदेशकाने, मेणबत्ती जळून विझलेल्या कोंडलेल्या हवेत पुदिन्याची काडी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत दुसरी मेणबत्ती छान जळली. पुढे १७७९ मध्ये यान इंगेनहाऊझ या डच डॉक्टरांनी दाखवले, की हे काम झाडाचा हिरवा भागच करतो आणि तेही उजेडातच. अंधारात झाड उलट हवा बिघडवते. रात्री झाडाखाली निजू नये, असे आपल्या आज्या सांगत. कुंडीचा मात्र तेवढा धसका नको. शेजारी झोपलेला माणूस तिच्यापेक्षा कितीतरी जास्त हवा बिघडवतो!

नासाचा अहवाल आला १९८९ मध्ये. बिल वुल्व्हर्टन यांनी छोट्या बंद पेट्यांत झाडे ठेवून बेंझीन, फॉर्मल्डिहाइड यांसारखी रसायने सोडली आणि ती कमी झालेली आढळली. त्यात पानांइतकाच मुळांशी असलेल्या मातीतल्या सूक्ष्मजीवांचा वाटा होता. पण घर म्हणजे काही बंद पेटी नव्हे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे अनेक प्रयोग एकत्र तपासले. इमारतीत एरवी जी हवा खेळते तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. म्हणजे घरात झाडेच राहायची, माणसांनी अंगणात!

आता आपल्या सोलापूरकडे वळू. माझा भाचा अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला राहतो. खाली यंत्रमाग, वर घर. त्याने विचारले, “मावशी, कोणतं झाड घेऊ? सुताची धूळ फार येते.”

प्रश्न साधा नाही. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून हे गाव सुतावर जगते आणि सुताची धूळही खाते. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की बिसिनोसिस होतो. सुट्टीनंतर कामावर गेले की छाती आवळल्यासारखी वाटते, ही त्याची सुरुवातीची खूण. सूतकताईच्या खात्यांत हा आजार जास्त, मागावर कमी. पण धूळ ती धूळच. ती मनीप्लांटने हटत नाही. त्याला हवा बाहेर ओढणारा पंखा, तोंडावर मास्क आणि उघडी खिडकी हवी.

आणि खिडकी म्हटले की १८ मे २०२५ ची पहाट आठवते. याच एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. कारखान्यातच राहणारे मालकाचे कुटुंबीय आणि कामगार त्यात होते. एक लहानगेही होते. जिथे काम आणि घर एकाच छपराखाली असते, तिथे हवेला वाट आणि माणसाला दुसरे दार, हे दोन्ही आधी पाहायचे. कुंडी त्यानंतर.

भाच्याला मी हेच सांगितले, आणि झाडही घे म्हटले. आपल्या उन्हाळ्यात स्नेक प्लांट, कोरफड, मनीप्लांट तग धरतात. स्नेक प्लांट आणि कोरफडीला माती पूर्ण वाळल्यावरच पाणी द्यावे. जास्त पाण्याने मुळे कुजतात. पानांवर सुताचे तंतू बसतात, ते आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावेत. ताटलीत पाणी साचू देऊ नये, डास होतात. तुळशीला मात्र ऊन हवे, तिला खिडकीतच ठेवा.

झाडाने मन प्रसन्न होते, हे काय थोडे आहे? पण कुंडी ठेवताना एक करा. तिच्यासाठी खिडकी अडवू नका, आणि जिन्यात किंवा दारात तर मुळीच ठेवू नका.

असो. तुमच्याकडे कोणती झाडे टिकली, तेही कळवा.