हातातलं बिऱ्हाड

माझ्या टेबलाच्या खणात एक जुना फोन पडून आहे. बॅटरी फुगलेली, चार्जर हरवलेला. वडिलांनी पाठवलेले शेवटचे काही एसएमएस त्यात आहेत. नवा फोन घेतला तेव्हा नंबर सोबत आला; निरोप मागेच राहिले. फोन बदलणं म्हणजे वस्तू बदलणं की बिऱ्हाड हलवणं, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे.

२००७ साली जगात विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनपैकी जवळजवळ निम्मे नोकियाचे होते. त्याच वर्षी जूनमध्ये आयफोन बाजारात आला, पण खरा बदल घडला तो पुढच्या वर्षी. जुलै २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं, ऑक्टोबरात अँड्रॉइडचा पहिला फोन आला आणि तुलनेचं मापच बदललं. कॅमेऱ्यात किंवा बॅटरीत नोकिया कमी नव्हती. ती कमी पडली ‘आळीत दुकानं किती’ या हिशेबात. फेब्रुवारी २०११ मध्ये तिचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून कंपनीची तुलना समुद्रातल्या जळत्या तेलमंचाशी केली आणि मायक्रोसॉफ्टचा हात धरला. विंडोज फोन दिसायला देखणा होता, पण गिऱ्हाईक नाही म्हणून ॲप नाही आणि ॲप नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, या फेऱ्यातून तो सुटला नाही.

ब्लॅकबेरीची कथा अधिक बोलकी आहे. २००५ मध्ये आलेली तिची बीबीएम ही निरोपसेवा फक्त ब्लॅकबेरीवरच चाले. मित्र तिथे, म्हणून आपणही तिथे. २०१२ च्या सुमारास तिचे सुमारे आठ कोटी वापरकर्ते होते. मात्र २००९ मध्ये जन्मलेल्या व्हॉट्सॲपने उलटी वाट धरली. आयफोन, अँड्रॉइड, नोकिया, खुद्द ब्लॅकबेरी, सगळीकडे ते चालू लागलं. भिंतीच्या आतली मंडळी भिंतीबाहेरच्यांशी बोलू लागल्यावर भिंतीला अर्थ उरला नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये बीबीएमने इतर फोनांसाठी दार उघडलं, तोवर माणसं निघून गेली होती.

ॲपलने हा धडा नीट गिरवला. आयमेसेज अँड्रॉइडवर नेलं, तर आयफोनवाली कुटुंबं मुलांना स्वस्त अँड्रॉइड फोन देतील, अशी भीती तिच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१३ मध्येच ईमेलमधून व्यक्त केली होती. पुढे एपिक कंपनीबरोबरच्या खटल्यात ती ईमेल उघड झाली. याच ॲपलने २०१५ मध्ये अँड्रॉइड सोडून येणाऱ्यांसाठी सामान हलवणारं ॲप मात्र स्वतःहून काढलं. आत येण्याचा रस्ता रुंद, बाहेर जाण्याचा अरुंद!

भारतात जानेवारी २०११ पासून नंबर कायम ठेवून मोबाइल कंपनी बदलता येऊ लागली. ग्राहकाचा तो हक्क सरकारने मिळवून दिला. गप्पांच्या बाबतीत असा हक्क कुणी दिला नाही. आपल्याकडे बहुतेकांचा संवाद व्हॉट्सॲपवर असल्याने आयफोन आणि अँड्रॉइडमधली भिंत अमेरिकेइतकी उंच झाली नाही. तरीही या दोहोंत जुन्या गप्पा अधिकृतपणे नेण्याची सोय व्हायला २०२१-२२ उजाडलं. शिवाय फोनांमधली भिंत ज्याने पाडली, ते व्हॉट्सॲपच आता मोठी भिंत होऊन बसलं आहे. ते सोडून कुठे जाणार? सोसायटीचा, शाळेचा, भावकीचा गट तिथेच.

लोक फोन का बदलतात, याची उत्तरं किंमत, कॅमेरा, मिरवणं अशी दिली जातात. ती खोटी नाहीत. पण या इतिहासात माणसं मोठ्या संख्येने हलली ती माणसांमागे आणि त्यांच्या कामाच्या ॲपांमागे; आणि जी थांबली, त्यांतली कित्येक आवडीपेक्षा अडकल्यामुळे थांबली. घर किती चांगलं हे ते सोडताना कळतं. आपलं सामान आपल्याला नेऊ देतं का, एवढंच पाहायचं.

खणातला फोन मी अजून टाकलेला नाही.