पवित्रा, हात आणि काता

अहमद निजामशाहाला तलवारीची लढत बघायला फार आवडायची. १४९० मध्ये बहमनींपासून फुटून त्यानं स्वतःचं राज्य थाटलं, चार वर्षांनी आपल्या नावाचं शहर वसवायला घेतलं, आणि बघता बघता त्या नव्या शहराला राजाचाच नाद लागला. गल्लोगल्ली तालमी निघाल्या. थोरामोठ्यांच्या घरची पोरं तिथे पडीक असायची. चार माणसं जमली की विषय एकच: कुणाचा हात चांगला?

वाद मिटवायला राजाकडे जायचं. दिवाणखान्यात जोड्या लागायच्या, ज्याचा वार आधी बसेल तो जिंकला. पुढे पुढे रोज एखाददुसरा मुडदा पडायला लागला, तेव्हा राजालाही ते बघवेना. पण त्यानं लढती बंद केल्या नाहीत. इथे नको, किल्ल्याबाहेर मैदानात जा, एवढंच सांगितलं.

हे सगळं मुहम्मद कासिम फेरिश्तानं लिहून ठेवलंय. हा माणूस म्हणजे अर्धा नगरकरच. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण एसटी स्टँडवर अजून ‘नगर, नगर’ असंच ओरडतात, म्हणून मीही तेच लिहितो.) कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादहून तो लहानपणी बापाबरोबर इथे आला. बाप निजामशाही राजपुत्राला फारसी शिकवायचा. १५८९ मध्ये नगरात परदेशी लोकांच्या कत्तली झाल्या आणि फेरिश्ता विजापूरला गेला. आपला मोठा इतिहास त्यानं तिथे बसून लिहिला. या द्वंद्वाला त्यानं शब्द वापरलाय ‘एकंग’. नगरात सुरू झालेलं हे खूळ सगळ्या दख्खनभर पसरलं, अशी त्याची तक्रार आहे. विजापूरच्या रस्त्यात पिकल्या दाढीची, दरबारात मान असलेली माणसं फालतू कारणावरून अशीच भिडली आणि थोड्या वेळात सहा जण गेले, हेही तो सांगतो.

हा उतारा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या डोक्यात एक अगदी साधी शंका आली. पहिला वार बसला की खेळ खलास, तर मग हे लोक सराव कसा करत होते? तालमीत रोज एक माणूस मारून चालत नाही.

जगात जिथे जिथे मारामारीची विद्या झाली तिथे या अडचणीवर साधारण एकच तोड निघालेली दिसते. समोरचा माणूस काढून टाकायचा. तो आहे असं समजून हालचाली ठरवायच्या, त्यांचा क्रम बांधायचा, आणि तो क्रम अंगात मुरेपर्यंत एकट्यानं घोटायचा. आपल्या तालमीत याला ‘हात’ म्हणतात: लाठीचे हात, पट्ट्याचे हात. कराटेत याला काता म्हणतात. जपानी भाषेत ‘काता’ म्हणजे साचा, घडण. मराठीत मला त्याला सगळ्यात जवळचा शब्द वाटतो तो ‘कित्ता’. गुरुजींनी काढून दिलेल्या अक्षरावरून मूल बोरू फिरवतं, आधी अर्थ न कळता, तेच इथे सगळ्या शरीरानं करायचं.

माझ्या पिढीतल्या बहुतेकांसारखा माझा काताशी संबंध आधी आला आणि हातांशी नंतर. नगरमध्ये शाळेत असताना संध्याकाळी कराटेचा क्लास होता. ‘इची, नी, सान’ हे आकडे आम्हाला चौदाच्या पाढ्याआधी पाठ झाले. पहिला काता हेइआन शोदान. एकवीस हालचाली. वरून पाहिलं तर इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखी आकृती जमिनीवर उमटते, आणि जिथून सुरुवात केली तिथेच माणूस परत येतो. या रेषेला एम्बुसेन म्हणतात. डावीकडे वळायचं, खाली अडवायचं, पुढे जाऊन ठोसा. सुरुवात अडवण्यापासून, कारण आपण आधी हात उचलायचा नाही. ठरलेल्या दोन ठिकाणी ओरडायचं. ते ओरडणं आम्हाला सगळ्यात जास्त आवडायचं.

या काताचा जन्म कुठला? भारतात हा प्रश्न विचारला की हमखास बोधिधर्म येतो. दक्षिण भारतातला बौद्ध भिक्षू चीनमध्ये शाओलिनला गेला, त्यानं तिथल्या भिक्षूंना व्यायाम शिकवला, त्यातून कुंग फू, त्यातून कराटे. म्हणजे शेवटी सगळं आपलंच. व्हॉट्सॲपवर हे वर्षातून दोनदा तरी येतं. गोष्ट छान आहे, पण ज्या चिनी व्यायामग्रंथावर ती उभी आहे तो १६२४ च्या सुमाराचा, बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी त्याच्या नावावर चढवलेला. आणि ओकिनावात कराटे शाळेत नेणाऱ्या इतोसू आन्को यांनी १९०८ च्या आपल्या पत्राची सुरुवातच कराटे बौद्ध किंवा कन्फ्यूशियन पंथातून आलेलं नाही, असं बजावून केली आहे.

कराटेचं खरं घर म्हणजे ओकिनावा. तेव्हा ते र्‍युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं, चीनशी व्यापार करणारं. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा घराण्यानं त्यावर कब्जा मिळवला. त्या काळात इकडे फेरिश्ता विजापुरात आपल्या इतिहासावरच काम करत होता. शस्त्रबंदी झाली म्हणून गरीब शेतकऱ्यांनी रात्री लपूनछपून हाताची विद्या शोधली, ही आणखी एक लाडकी गोष्ट. पण ज्या जुन्या लोकांची नावं ठाऊक आहेत ते शेतकरी नव्हते. मात्सुमुरा सोकोन राजाच्या पदरी होते, इतोसू दरबारात लेखनिक. ही कारकुनांची आणि राजाच्या रक्षकांची विद्या होती. चीनच्या फूच्यौ बंदरातून येणारी जाणारी माणसं तिच्यात भर घालत होती. कुशान्कू नावाचा काता आहे, तो एका चिनी पाहुण्याच्या नावाचा. तो माणूस १७५६ च्या सुमारास ओकिनावात आला होता. काही कातांची नावं म्हणजे नुसते चिनी आकडे: सेइसान तेरा, सेइपाई अठरा, सुपारिन्पेई एकशे आठ.

या कातांमध्ये काय भरलंय ते लगेच दिसत नाही. हेइआन शोदानमध्येच बघा. सुरुवातीच्या हालचालींत एके ठिकाणी पुढचा पाय मागे ओढून मूठ वरून गोल फिरवत हातोडीसारखी खाली आणायची असते. क्लासमध्ये आम्ही ती इकडून तिकडे हलवायचो. ती आहे पकडलेलं मनगट सोडवून घेण्याची युक्ती. पाय मागे घेतला की अंगाचं वजन ओढीला लागतं. प्रत्येक ठोशाच्या वेळी दुसरा हात कमरेपाशी ओढून घ्यायचा, तेही फक्त रुबाबासाठी नसतं. त्या मुठीत समोरच्याचं मनगट किंवा बाही आहे असं धरलं की सगळा अर्थ बदलतो. ही उकल करण्याला बुंकाई म्हणतात. मला ती कमेंट नसलेला जुना कोड वाचण्यासारखी वाटते: ही ओळ इथे का आहे ते लिहिणारा सांगून गेलेला नाही, पण काढून टाकली तर काहीतरी मोडणार एवढं कळतं.

आणि कमेंट मुद्दाम काढलेल्या असाव्यात अशी शंका घ्यायला जागा आहे. १९०१ पासून इतोसूंनी कराटे शाळेत शिकवायला सुरुवात केली. एका गुरूपुढे दोनचार शिष्य ही आधीची रीत. आता समोर पटांगणभर पोरं. त्यांच्यासाठी त्यांनी पिनान नावाचे पाच सोपे काता बांधले, घातक प्रकार झाकले, उघडा पंजा बऱ्याच ठिकाणी बंद मूठ झाला. हेतू काय, तर तब्येत, शिस्त, आणि पुढे सैन्याला उपयोगी पडतील असे तरुण. त्यांचे शिष्य फुनाकोशी १९२२ मध्ये तोक्योला गेले. ज्युदोकडून पट्टे उचलले गेले, पिनानचं हेइआन झालं. आमच्या क्लासमध्ये पोचला तो हा मुलांसाठी सौम्य केलेला काता.

आता परत आपल्याकडे येऊ.

‘पवित्रा’ हा शब्द तुम्ही रोज बातम्यांत वाचता: विरोधकांचा आक्रमक पवित्रा, शेतकऱ्यांचा आंदोलनाचा पवित्रा. तो तालमीतला शब्द आहे, हत्यार घेऊन उभं राहण्याची आणि पाय टाकण्याची ठेवण. ‘हूल’ म्हणजे तालमीत भोसकण्याचा प्रकार. आपण आता नुसती हूल देतो. ‘डावपेच’ कुस्तीतले. ‘दोन हात करणे’ तर सरळच. विद्या गेली तरी भाषेत तिचं सामान किती राहिलंय बघा.

पट्ट्याचे हात घ्या. दांडपट्ट्याला मूठ नसते, कोपरापर्यंत हात आत जाईल असं लोखंडी नळकांडं असतं आणि त्याच्या टोकाला लांब, लवचिक पातं. मनगट पूर्ण बांधलं गेलं. तलवारीसारखा मनगटानं वार फिरवता येत नाही, म्हणून सगळी ताकद खांद्यातून, कमरेतून, पायातून आणावी लागते. पट्टेवाला सतत गोल फिरताना दिसतो तो शोभेसाठी फिरत नाही. थांबला तर पातं मंदावतं. चारी दिशांना वार करत फिरण्याचे क्रम त्यातूनच बांधले गेले. फरी-गदक्यात, म्हणजे चामडी ढाल आणि चामड्यानं मढवलेली काठी घेऊन, वारांना नावंच दिलेली आहेत: तमाचा गालावर, बाहेरा उलट बाजूनं, शीर डोक्यावर. नाव उच्चारलं की वार, तो अडवला की पुढचं नाव. हा दोघांनी मिळून करायचा काता झाला.

विसाव्या शतकात या हातांचंही इतोसूंच्या कातांसारखंच झालं, आणि जवळपास त्याच वेळी. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर हत्यार बाळगणं परवान्याचं काम झालं. मग बडोद्याला जुम्मादादांच्या आखाड्यात प्रोफेसर माणिकरावांनी लाठी, लेझीम सांघिक केली. रांगा, आकडे, देशी भाषेतले हुकूम, शेकडो मुलं एकदम. अमरावतीला १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं. पटांगणात मुलं मावली, पण समोर खरा माणूस उभा आहे ही कल्पना हळूहळू मागे पडली.

१९३६ हे वर्ष मला फार गमतीचं वाटतं. त्या वर्षी अमरावतीच्या मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. त्याच वर्षी बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चा पहिला खंड निघाला, पुढे १९४९ पर्यंत दहा खंड झाले. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकिनावात नाहा शहरी कराटेचे वस्ताद एकत्र बसले आणि ‘चिनी हात’ या अर्थाची जुनी अक्षरं सोडून ‘रिकामा हात’ या अर्थाची अक्षरं त्यांनी पक्की केली. दोन्हीकडे एकच घाई दिसते: हे आता लिहून, नाव देऊन, जगाला दाखवून ठेवलं पाहिजे.

मग फरक कुठे पडला? ओकिनावाचा काता २०२१ मध्ये, लांबलेल्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये, पदकाचा खेळ झाला आणि पुरुषांचं सुवर्ण ओकिनावाच्याच किय्युना र्‍यो यानं घेतलं. दांडपट्टा २०२४ च्या शिवजयंतीला महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला. मान दोघांनाही मिळाला. पण कुशान्कू म्हटलं की नैरोबीपासून नगरपर्यंत कुणीही कराटेवाला तोच क्रम थोड्याफार फरकानं करून दाखवेल. आपल्या हातांना अशी सगळीकडे चालणारी नावं नाहीत. एका तालमीचा क्रम दुसऱ्या तालमीला ठाऊक नसतो, आणि वस्ताद गेला की त्याबरोबर क्रमही जातो. मिरवणुकीत लोकांना हवं असतं ते पोटावरचं लिंबू कापणं. माझं यावर मत जरा कडवट आहे: लिंबू कापणाऱ्याला टाळ्या मिळतात, म्हणून पोरं आधी लिंबू शिकतात आणि पवित्रा नंतर, जमलं तर.

अर्थात ठरलेल्या हालचालीवर आंधळा भरवसा ठेवू नये, हे फेरिश्तानंच चारशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. त्याचं म्हणणं, दख्खनी माणूस जमिनीवर एकास एक असेल तर तलवारीत त्याला तोड नाही; पण सराव सगळा पायउतार, घोड्यावर नाही, त्यामुळे बाहेरच्या फौजेशी उघड्या मैदानात गाठ पडली की तो कमी पडतो. हे वाक्य कुठल्याही कराटे क्लासच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे. जे घोटलं तेच येतं. मला मात्र यावरून काता टाकून द्यावा असं वाटत नाही. तो कशासाठी बांधला होता हे माहीत असावं, एवढंच वाटतं.

आमच्या जुन्या घराजवळच्या गल्लीत एक आजोबा आहेत. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी पट्टा खेळायचे. आता पट्ट्याऐवजी छत्री घेतात. गेल्या दिवाळीत सुट्टीला गेलो तेव्हा त्यांनी मला त्यांच्या वस्तादांचा एक हात करून दाखवला. चौदा पवित्रे मी मोजले. नवव्यानंतर ते एकदम अर्धे बसतात, डावा गुडघा जवळजवळ जमिनीला टेकवतात आणि छत्री डोक्यावरून मागे नेतात. या वयात त्यांना ते जड जातं, पण ते गाळत नाहीत.

मी विचारलं, “आजोबा, इथे बसायचं कशासाठी?”

“वस्तादांनी बसवलं म्हणून,” ते म्हणाले. “तू शहाणा आहेस, तू शोध.”

माझ्याकडे तीन अंदाज आहेत. वरून येणारा घोडेस्वाराचा भाला चुकवायला. किंवा समोरच्याच्या पायावर वार करून लगेच मागच्याला अडवायला. किंवा मूळचा क्रम उतारावर नाहीतर पायऱ्यांवर बांधलेला असेल आणि सपाट जमिनीवर तो असा उरला असेल. पहिला अंदाज मला सगळ्यात आवडतो, पण फेरिश्ता आठवला की त्याच्यावर विश्वास बसत नाही. मोबाइलवर चार मिनिटांचा व्हिडिओ आहे. समोरून काढलेला, त्यामुळे मागे गेलेला हात दिसत नाही. पुढच्या वेळी मागच्या बाजूनं घ्यायचाय. आजोबा म्हणाले, पावसाळा संपू दे, गुडघा धरतो.