देऊन टाकणे

बेळगावला बहिणीकडे गेलो होतो. भाचा इंग्रजीचा गृहपाठ घेऊन बसला होता. "मामा, 'गिव्ह' म्हणजे देणे, 'अवे' म्हणजे दूर. मग 'गिव्ह अवे' म्हणजे दूर देणे?" म्हटलं, दूर देतात ती मुलगी. इथे 'देऊन टाकणे' लिही. पातेले परत करायला आलेल्या शेजारच्या काकू घरात कानडी बोलणाऱ्या. त्या हसून म्हणाल्या, "आमच्यात कोट्टुबिडु."

मला गंमत वाटली. 'कोट्टु' म्हणजे देऊन, 'बिडु' म्हणजे सोड. इंग्रजी आपल्या क्रियापदामागे 'अवे', 'अप', 'ऑफ' अशी शेपटे लावते. मराठी आणि कानडी तिथे दुसरे क्रियापदच आणून बसवतात. कोकणीही तेच करते, 'विकून उडयलें' म्हणते. खरे तर मराठी-कोकणी आर्य कुळातल्या, कानडी द्राविड. पण शेजार कुळापेक्षा मोठा ठरला. भारतातल्या वेगवेगळ्या कुळांच्या भाषा सहवासाने कशा सारख्या झाल्या, यावर एम. बी. इमेनो या भाषाशास्त्रज्ञाचा गाजलेला निबंध आला तो १९५६ साली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला भाषावार प्रांतरचना होऊन बेळगाव-निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली! पुढे १९७१ साली गंपर्झ आणि विल्सन यांनी सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या मराठी, कानडी, उर्दूचे व्याकरण इतके जवळ आले होते की शब्दाला शब्द ठेवून वाक्य बदलता यावे. शब्द मात्र ज्याने त्याने आपापले जपले होते.

असो. बहिणीचे सासरे मूळचे निपाणीचे. आमचे बोलणे ऐकून ते म्हणाले, "छप्पन साली आम्हाला देऊन टाकलं." नुसते 'दिलं' म्हणाले असते तर ती सरकारी नोंद झाली असती. 'टाकलं' म्हटले की काम संपले, हात झटकले, आणि ज्याला दिले त्याला कुणी विचारले नाही, एवढे सगळे त्यात येते. इंग्रजीतल्या 'अवे'ला हा सल पेलेल असे मला वाटत नाही.

आम्हा गोवेकरांना निदान १६ जानेवारी १९६७ रोजी मत विचारले गेले. त्या कौलाबद्दल आपल्यात आजही दोन तट आहेत, पण विचारले तर खरे. सीमाभागाला तेही मिळाले नाही. त्याच वर्षी महाजन आयोगाचा अहवाल आला. त्यात निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच. महाराष्ट्राने तो नाकारला आणि अंमल काही झाला नाही. म्हणजे निपाणी कागदावर दिली, पण देऊन टाकली नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. सासरेबुवा त्याच्या तारखा पेपरात अजून शोधतात.