कादंबरीचें नांव आणि नायिकेचें नांव

कादंबरीस तिच्यांतील एखाद्या पात्राचें नांव द्यावें कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. पुस्तक चांगलें असलें म्हणजे त्याच्या पाठीवर काय छापलें आहे याची चौकशी कोण करतो, असें कित्येक म्हणतील. परंतु मराठी कादंबरीचा पहिल्या शतकाचा इतिहास या दृष्टीनें चाळला, तर असें दिसून येतें कीं, शीर्षकांत कोणाचें नांव घालावें आणि कोणतें घालावें, यावरून लेखकाची स्त्रीकडे पाहण्याची दृष्टि पुष्कळ अंशीं प्रकट होते. या गोष्टीचा सर्वांत बोलका दाखला ठाणें जिल्ह्यांतील कल्याण गांवाशीं निगडित आहे.

आपल्या कादंबरीचा आरंभच मुळीं नांवानें झाला. १८५७ सालीं बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झालें. पण केवळ यमुनेच्या नांवावर विसंबून राहण्याचें धैर्य ग्रंथकारास झालें नाहीं. हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण, असा खुलासा त्यांनीं नांवापुढें जोडला. यमुना हिंडते, पाहते आणि ऐकते. तिचें नांव हें निमित्त, खरा विषय खुलाशांत. त्यानंतर लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) व नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्या आल्या. हीं नांवें कर्णमधुर खरीं. परंतु त्या नांवाची मुलगी कल्याणच्या अथवा ठाण्याच्या कोणत्याहि आळींत हांक मारून सांपडली नसती. दोन्ही पुस्तकांच्या नांवांची अदलाबदल केली असती, तरी कथानकांचें फारसें बिघडलें नसतें. जें नांव बदलल्यानें कांहीं हरवत नाहीं, तें अलंकार होय, शीर्षक नव्हे.

हरिभाऊ आपटे यांनीं हें मर्म ओळखलें होतें. १८९० सालापासून ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः येऊं लागलेल्या त्यांच्या थोर कादंबरीची नायिकाहि यमूच. ती स्वतःच्याच तोंडून आपली कर्मकथा सांगते. कादंबरीस ‘यमू’ हें नांव देणें किती सोपें होतें! पण हरिभाऊंनीं ‘पण लक्षांत कोण घेतो!’ असा उद्गारच शीर्षकस्थानीं ठेवला. आमच्या मतें त्यांचें करणें योग्य होतें. नांव दिलें असतें, तर वाचकास ही एका दुर्दैवी मुलीची गोष्ट म्हणून सुस्कारा टाकून मोकळें होतां आलें असतें. उद्गारानें तो दरवाजा बंद केला. दोष लक्षांत न घेणाऱ्याचा, आणि तो न घेणारा म्हणजे पुस्तक हातीं धरलेला गृहस्थच! त्याच लेखकानें एका तरुणाच्या जडणघडणीची कथा सांगतांना मात्र ‘यशवंतराव खरे’ हें पूर्ण नांव निःशंकपणें दिलें. जेथें एका व्यक्तीचा स्वभाव हाच विषय, तेथें नांव शोभतें. जेथें घरोघरचें दुःख हा विषय, तेथें तें अपुरें पडतें.

आतां कल्याणकडे वळूं. १८५४ सालीं आगगाडी कल्याणास पोंचली आणि १८६४ सालीं तेथें सार्वजनिक वाचनालय निघालें. पुढच्याच वर्षीं, ३१ मार्च १८६५ रोजीं, कल्याणच्या गणपतराव जोशी यांच्या घराण्यांत जी कन्या जन्मली, तिचेंहि नांव यमुनाच होतें. हा केवळ योगायोग, कारण यमुना हें त्या काळीं सर्रास आढळणारें नांव होतें. नवव्या वर्षीं, १८७४ सालीं, टपालखात्यांतील बिजवर कारकून गोपाळराव जोशी यांच्याशीं तिचा विवाह झाला आणि रूढीप्रमाणें तिचें नांव बदललें. यमुनेची आनंदी झाली. १८८३ सालीं ती कलकत्त्याहून एकटी अमेरिकेस निघाली, ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवीधर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास निवर्तली. त्या वेळीं तिला बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

तिच्या आयुष्यावर श्री. ज. जोशी यांनीं १९६८ सालीं कादंबरी लिहिली व तिला ‘आनंदी गोपाळ’ हें नांव दिलें. या दोन शब्दांचा अर्थ दोन प्रकारें लागतो. एक तर आपल्याकडील रीतीनें हें विवाहित स्त्रीचें नांव आहे, आडनांव तेवढें गाळलेलें. दुसरें म्हणजे हीं दोन माणसांचीं दोन नांवें आहेत, शेजारीं शेजारीं ठेवलेलीं. शिक्षणासाठीं हट्ट धरणारा, त्यापायीं कोवळ्या मुलीस मारझोड करणारा, आणि तिलाच समुद्रापार एकटी धाडणारा तो विक्षिप्त पुरुष तिचा उद्धारकर्ता कीं तिचा जाच, हाच कादंबरीचा खरा प्रश्न आहे. तो शीर्षकांतच उभा आहे. कोणतेंहि वर्णनपर नांव हें काम करूं शकलें नसतें. फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ पुस्तकरूपानें निघाली तीहि १८५७ सालींच. तिच्या मुखपृष्ठावर एमाचें स्वतःचें नांव नाहीं, सासरचें आहे. आणि कथेंत तें उपपद सासूस, पहिल्या बायकोस व एमेस, असें तिघींस लागलेलें आहे. तेथेंहि शीर्षक हेंच बंधन झालें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, ज्या स्त्रीनें स्वतः पदवी मिळविली, तिच्या पुस्तकाच्या नांवांत अर्धा वांटा नवऱ्यास कां? आक्षेप पोकळ नाहीं. १८८८ सालीं बोस्टन येथें कॅरोलाइन डॉल यांनीं प्रसिद्ध केलेल्या चरित्रावर ‘डॉक्टर’ या उपाधीसह तिचें व जोशी आडनांव आहे, गोपाळरावांचें नांव नाहीं. न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी येथें कार्पेंटर कुटुंबाच्या जागेंत तिची रक्षा विसावली आहे. तेथील शिळेवरहि तसेंच. चरित्राचा विषय तिचें कर्तृत्व, म्हणून तेथें तिचें एकटीचें नांव यथार्थ होय. कादंबरीचा विषय तो संसार, म्हणून कादंबरीकारानें दिलेलें नांवहि यथार्थ होय. चूक होते ती वाचक कादंबरीच्या नांवास माणसाचें नांव समजूं लागतो तेव्हां. २०१९ सालीं निघालेल्या चित्रपटानेंहि तेंच नांव घेतल्यामुळें हा घोटाळा अधिकच दृढ झाला, आणि डॉक्टर आनंदीबाई जोशी हें नांव तिच्या कल्याणांतसुद्धां दुसऱ्या क्रमानें आठवतें कीं काय, अशी भीति वाटते.

म्हणून आमचा अभिप्राय असा कीं, पात्राचें नांव कादंबरीस अवश्य द्यावें, पण त्या नांवांत कथेचा कांहीं प्रश्न दडलेला असेल तरच. वामन मल्हार जोशी यांच्या ‘इंदू काळे व सरला भोळे’ (१९३४) या शीर्षकांत दोन मध्यमवर्गीय आडनांवें व दोन मतें यांची तुलना आपोआप उभी राहते. तें नांव टिकलें. मंजुघोषेचें नांव आज अभ्यासकांपुरतें उरलें. आणि ज्यांनीं ‘आनंदी गोपाळ’ वाचली असेल, त्यांनीं तिच्या शेजारीं काशीबाई कानिटकर यांनीं लिहिलेलें आनंदीबाईंचें चरित्र ठेवावें. त्यांत तिचीं पत्रें आहेत. तेथें ती कादंबरीतल्या नांवाबाहेर, स्वतःच्या शब्दांत बोलते.